‘द होल नाइन यार्ड्स’ नेमका कुठे वापरायचा?

क्लायंट कॉलवर पलीकडून प्रश्न येतो, ‘डू यू वॉन्ट द शॉर्ट व्हर्जन, ऑर द होल नाइन यार्ड्स?’ यार्ड म्हणजे वार हे आपल्याला ठाऊक असतं, आणि नऊ वार म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवतं ते सांगायला नको. पण हिंजवडीच्या ऑफिसात सर्व्हर का बंद पडला याची चर्चा चालू असताना मधेच नऊवारी कुठून आली, हे उलगडेपर्यंत गाडी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते.

इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करण्यावर माझा फारसा विश्वास नाही. पन्नास अर्थ तोंडपाठ असतात आणि ऐन वेळी एकही जिभेवर येत नाही, किंवा येतो तो भलत्याच जागी. त्यापेक्षा एकच घ्यावा आणि तो मुरवावा. इथे हा एकच घेतला आहे.

पायरी १: अर्थ पकडा, पण अर्धा नको

शब्दकोशात ‘सर्व काही’, ‘सगळंच्या सगळं’ असा अर्थ मिळेल. तो बरोबर आहे, पण तेवढ्यावर विसंबलात तर फसाल. कारण ‘सगळं’ हा शब्द आपण पगाराला लावतो, दुधाला लावतो, पावसात भिजलेल्या कपड्यांना लावतो. हा वाक्प्रचार तसा कुठेही चिकटत नाही.

त्याच्या पोटात एक गोष्ट गृहीत असते: थोडक्यातही भागलं असतं, पण भागवलं नाही. दोघांनी विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या केल्या, तर तेही लग्नच. साखरपुडा, मेंदी, हळद, संगीत, घोड्यावरून वरात, ड्रोनने शूटिंग आणि पंगतीत चार प्रकारची गोडं असा घाट घातला, की ते झालं ‘द होल नाइन यार्ड्स’. एखाद्या गोष्टीबरोबर जे जे करता येतं, देता येतं, सांगता येतं, त्यातलं काहीही गाळलं नाही असा भाव. बऱ्याचदा त्यात किंचित हसू असतं, कधी कौतुक, कधी ‘एवढं कशाला?’ असा सूर.

म्हणून एक कसोटी कायम हाताशी ठेवा. वाक्य तयार झालं की स्वतःला विचारा, ‘हे थोडक्यात आटोपता आलं असतं का?’ उत्तर ‘हो’ असेल तर वाक्प्रचार बहुधा शोभेल. ‘नाही’ असेल तर साधं ‘ऑल’ किंवा ‘एव्हरीथिंग’ म्हणा. विजेचं बिल थोडक्यात भरता येत नाही, ते सगळंच भरावं लागतं, तेव्हा तिथे याचं काम नाही. रिपोर्ट मात्र एका पानात देता येतो आणि चाळीस पानांतही.

पायरी २: नऊ कशाचे, हा प्रश्न बाजूला ठेवा

हे सांगायला सोपं आणि पाळायला कठीण, कारण गोष्ट गमतीची आहे. तेव्हा एकदाच नीट सांगून टाकतो.

या नऊ वारांचा उगम शोधणं हा अमेरिकेतल्या शब्दवेड्या मंडळींचा जुना छंद आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा २७ फूट लांब असायचा, वैमानिक सगळा पट्टा शत्रूवर रिकामा करायचे, म्हणून ‘नऊ यार्ड’ अशी एक कथा सर्वांत लोकप्रिय. दुसरी म्हणते की काँक्रीटच्या ट्रकमध्ये नऊ घन यार्ड माल मावायचा. तिसरी जहाजावरची: तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर शिडाच्या तीन आडव्या काठ्या, आणि त्या काठीलाही इंग्रजीत यार्डच म्हणतात. स्कॉटिश किल्टला नऊ वार कापड लागतं, उत्तम सुटाला लागतं, प्रेताच्या कफनाला लागतं, असेही दावे आहेत. कुणी अमेरिकन फुटबॉलकडे बोट दाखवतं. तिथे पुढची संधी मिळवायला दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. नऊवर थांबलात तर हाती काहीच नाही, म्हणजे अर्थ बरोबर उलटा झाला.

या कथा सांगणारे लोक अगदी छातीठोकपणे सांगतात. ‘माझे आजोबा वायुदलात होते’ हा पुरावा तर हमखास येतो. पण छापील कागद वेगळंच बोलतो. इंडियाना राज्याच्या दक्षिणेला मिचेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ‘मिचेल कमर्शियल’ या वृत्तपत्रात १९०७ साली एका बेसबॉल सामन्याची बातमी आली. गावातले व्यापारी नियमित संघाविरुद्ध जमेल तितक्या इनिंग खेळतील, पण ‘फुल नाइन यार्ड्स’ची हमी देता येत नाही, अशा अर्थाची. पुढच्या वर्षी त्याच पत्रात मासेमारीला गेलेल्या एका गृहस्थाची टर उडवली आहे. त्याच्याकडे सांगायला मोठी कहाणी आहे, आम्ही काही ऐकत बसणार नाही, पण कुणीतरी बिचारा त्याच्या तावडीत सापडेल आणि त्याला ‘होल नाइन यार्ड्स’ ऐकावे लागतील. मासे पकडणाऱ्यांच्या गप्पा जगात सगळीकडे सारख्याच लांब, हे यावरून दिसतं.

१९०७ साली पट्टेवाल्या मशीनगनची लढाऊ विमानं नव्हती. काँक्रीट घुसळत नेणारे ट्रकही नव्हते. दोन्ही कथा तिथेच निकालात निघतात.

आता आकड्याची गंमत पाहा. शेजारच्या केंटकी राज्यातल्या ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ या पत्रात १९१२ मध्ये हाच वाक्प्रचार ‘होल सिक्स यार्ड्स’ असा येतो. रिपब्लिकन पक्षात थिओडोर रूझवेल्ट आणि टाफ्ट यांचं जुंपलं होतं. भांडण तापू द्या, मग ते एकमेकांबद्दल ‘सहाच्या सहा यार्ड’ सांगतील, असा टोमणा. १९२१ साली साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गच्या वृत्तपत्रातही एका मथळ्यात सहाच आहेत. हे सहावाले पुरावे २०१२ च्या अखेरीस गाजले, तेव्हा येल विद्यापीठाचे फ्रेड शपिरो यांनी आकडे फुगत जातात असं मत मांडलं. पूर्वी आनंदाने ‘क्लाउड सेव्हन’वर असलेली माणसं पुढे ‘क्लाउड नाइन’वर गेली, तसंच हे. पण नंतर बॉनी टेलर-ब्लेक आणि त्यांच्यासारख्या चिकाटीच्या शोधकांच्या खटाटोपातून १९०७ आणि १९०८ चे पुरावे पुढे आले, आणि नऊ सहाच्या आधीचे ठरले. म्हणजे आकडा आधीपासूनच डळमळीत होता. सहा काय, नऊ काय, बोलणाऱ्याला ‘पुष्कळ’ म्हणायचं होतं. एखाद्या खऱ्या वस्तूचं माप असतं तर आकडा असा सैल राहिला नसता.

कापडाबद्दल मात्र एक चुटका सांगायलाच हवा. १८५५ साली इंडियानाच्याच न्यू ऑल्बनी गावच्या दैनिकात एका न्यायाधीशाच्या सदऱ्याचा विनोदी किस्सा छापून आला. तीन सदरे शिवायला दिलेलं कापड शिवणाऱ्या बाईंनी एकाच सदऱ्यात घातलं, ‘होल नाइन यार्ड्स’! इथे नऊ वार खरेखुरे आहेत, वाक्प्रचार नव्हे. या सदऱ्यातूनच पुढचा वाक्प्रचार निघाला असं सिद्ध झालेलं नाही. न्यू ऑल्बनी, मिचेल, माउंट व्हर्नन ही सगळी गावं ओहायो नदीच्या अलीकडे-पलीकडे एकाच पट्ट्यात येतात, एवढं मात्र नकाशावर दिसतं.

आणि आपली नऊवारी? नऊ वार म्हणजे २७ फूट, सव्वाआठ मीटरच्या आसपास. आकडा तंतोतंत जुळतो, सहावारीही आपल्याकडे आहे. पण संबंध जोडणारा एकही धागा सापडलेला नाही. ‘हा वाक्प्रचार मुळात आपल्या नऊवारीवरून गेला’ असा मजकूर फॅमिली ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका. लक्षात ठेवायला साडीचा उपयोग जरूर करा, त्याला कुणाची हरकत नाही.

पायरी ३: वाक्यात बसवा

नवशिक्यासाठी सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे यादीचं शेपूट. तीन-चार गोष्टी ओळीने सांगायच्या, किंचित थांबायचं आणि हा टाकायचा.

‘दे हॅड अ लाइव्ह बँड, फायरवर्क्स, अ चॉकलेट फाउंटन, द होल नाइन यार्ड्स.’

मराठीत आपण ‘बँड, फटाके, चॉकलेटचं कारंजं… काय म्हणाल ते!’ म्हणतो, त्यातल्या ‘काय म्हणाल ते’ची ही जागा. इथे वाक्प्रचाराला क्रियापद लागत नाही, व्याकरणाचा गुंता नाही. लिहिताना त्याच्या आधी स्वल्पविराम किंवा लांब रेघ द्या. यादीत किमान दोन गोष्टी हव्यात आणि त्या एकाच जातीच्या हव्यात. ‘बँड, फटाके, माझा इन्कम टॅक्स, द होल नाइन यार्ड्स’ असं केलंत तर ऐकणारा गोंधळेल.

दुसरी जागा ‘गो’ या क्रियापदानंतर. ‘दे वेन्ट द होल नाइन यार्ड्स फॉर हर फिफ्टिएथ बर्थडे.’ म्हणजे पन्नाशीच्या वाढदिवसाला काही कमी ठेवलं नाही. ‘गो’च्या पुढे ‘टू’ किंवा ‘फॉर’ काही लागत नाही, थेट वाक्प्रचार.

तिसरी जागा ‘गिव्ह’, ‘गेट’, ‘वॉन्ट’, ‘नीड’ यांच्यानंतरची. ऑफिसात हीच जास्त कानावर पडेल. ‘गिव्ह मी द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे मला सगळं तपशीलवार सांग. १९६४ साली अमेरिकेतल्या अवकाश कार्यक्रमातल्या मंडळींच्या बोलीवर वृत्तपत्रांत एक लेख आला होता. त्यात या वाक्प्रचाराचा अर्थ एखाद्या प्रकल्पाचा बाबवार अहवाल असाच दिला आहे. त्याच दशकात व्हिएतनाम युद्धाच्या काळात तो अमेरिकन वायुदलात रुळला आणि तिथून देशभर पसरला. वायुदलाच्या कथा उगाच जन्मल्या नाहीत. आजोबांनी तो तिथे ऐकला असेल हे खरं, फक्त तो तिथे जन्मला नव्हता.

नकारातही तो छान चालतो: ‘आय डोन्ट नीड द होल नाइन यार्ड्स, जस्ट टेल मी इफ इट वर्क्स.’ पाल्हाळ नको, चालतंय का तेवढं सांग. हे वाक्य बॉसच्या तोंडी असतं तेव्हा चाळीस स्लाइडची फाइल गुपचूप बंद करावी.

पायरी ४: शब्दांना हात लावू नका

चारही शब्द जसेच्या तसे हवेत. मराठीभाषकांच्या हातून तीन गोष्टी हमखास निसटतात.

सुरुवातीचा ‘द’ पहिला. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे तो आपल्या जिभेवरून सहज गळतो. इथे तो ठेवाच. ‘होल नाइन यार्ड्स’ एवढंच म्हटलं तर वाक्य लंगडतं.

शेवटचा ‘स’ दुसरा. आपण ‘एक वार’ म्हणतो आणि ‘नऊ वार’ही म्हणतो, शब्द बदलत नाही. त्याच सवयीने ‘नाइन यार्ड’ निघून जातं. त्यात भर म्हणजे नऊवारी साडीला इंग्रजीत ‘नाइन-यार्ड सारी’ म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे, कारण तिथे ते विशेषण आहे. वाक्प्रचारात मात्र ‘यार्ड्स’च. उच्चारायला अवघड नाही: शेवटचा ‘ड्स’ हा ‘जाड’ किंवा ‘जवळ’मधल्या ज सारखा करा, ‘जीव’मधल्या ज सारखा नको. इंग्रजी शिकवणारे या ध्वनीसाठी बरीच कसरत करतात, आपल्याकडे तो घरचाच आहे. जोर ‘नाइन’वर आणि त्याहून जास्त ‘यार्ड्स’वर.

तिसरी गोष्ट म्हणजे पुढे ‘ऑफ’ जोडणं. ‘द होल नाइन यार्ड्स ऑफ द प्रोजेक्ट’ असं म्हणत नाहीत. प्रोजेक्टचा उल्लेख आधीच होऊन गेलेला असतो, वाक्प्रचार मागून एकटा येतो.

आकडा वाढवून विनोद करायचा मोह पहिल्या वर्षी टाळा. ‘द होल ट्वेल्व्ह यार्ड्स’ असं तिथला माणूस म्हणाला तर लोक हसतात. आपण म्हणालो तर ‘याला पाठ नाही वाटतं’ अशी शंका येते. अन्याय आहे, पण असं होतं.

पायरी ५: शेजाऱ्यांशी गल्लत करू नका

सर्वांत जास्त गल्लत ‘गो द एक्स्ट्रा माइल’शी होते. दोन्हींत ‘गो’, दोन्हींत अंतराचं माप. पण ‘एक्स्ट्रा माइल’ म्हणजे अपेक्षेच्या पलीकडे जाणं. त्याचं मूळ बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात आहे: कुणी तुला एक मैल चालायला भाग पाडलं तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. आपल्या वाक्प्रचारात पलीकडे जाणं नाही, जे जे शक्य ते सगळं करणं आहे. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘एक्स्ट्रा माइल’ लिहा, तिथे नऊ यार्ड घालू नका.

‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’ हे बंदुकीचे तीन भाग. दुकान, घर, कंपनी असं काही चीजवस्तूंसकट विकलं किंवा हलवलं तर तो बरा. ‘द वर्क्स’ बर्गर-पिझ्झाच्या काउंटरवर ऐकाल: वरून जे जे घालता तेवढं सगळं घाला. ब्रिटनमध्ये ‘द फुल माँटी’ म्हणतात. अर्थ तोच, पण अंगावरचे सगळे कपडे उतरवणं असाही अर्थ त्याला चिकटला आहे, तेव्हा नवख्याने त्याच्या वाटेला न जाणं बरं.

पायरी ६: माणूस आणि जागा पाहा

हा वाक्प्रचार मूळचा अमेरिकन, बोलीतला, सैलसर. सहकाऱ्याशी गप्पा, टीमची मीटिंग, ओळखीच्या क्लायंटला मेल, ब्लॉग, मुलाखत इथे खुशाल वापरा. करारनामा, प्रबंध, कोर्टाचा कागद, व्हिसाचा अर्ज, शोकसंदेश इथे नको. नोकरीच्या अर्जातही ‘आय विल गिव्ह यू द होल नाइन यार्ड्स’ लिहिणाऱ्याला मी तरी थांबवेन. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन लोकांनाही तो समजतो. ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही, अशा जपानी किंवा जर्मन सहकाऱ्यांसमोर मात्र साधं ‘एव्हरी डिटेल’ म्हणणं सोयीचं.

भारतातल्या इंग्रजी वृत्तपत्रांत साड्यांच्या प्रदर्शनाच्या बातमीवर ‘द होल नाइन यार्ड्स’ असा मथळा अधूनमधून दिसतो. तो श्लेष आहे. त्यावरून ‘याचा अर्थ साडी’ असा निष्कर्ष काढू नका.

पायरी ७: मराठीत आणायचा असेल तर

भाषांतर किंवा सबटायटल करणाऱ्यांसाठी हा भाग. ‘त्याने पूर्ण नऊ यार्ड दिले’ असं लिहिलं तर प्रेक्षक विचारात पडतो की कुठली जमीन विकली. मराठीत याला एकच शब्द नाही, पण फार चांगले चार-पाच आहेत आणि प्रसंगानुसार निवड करावी लागते.

समारंभ, जेवण, थाटमाट असेल तर ‘साग्रसंगीत’. यात कौतुकाबरोबर तो किंचित हसराही सूर आहे, म्हणून मला हा सर्वांत जवळचा वाटतो. विधी किंवा प्रक्रिया नियमाप्रमाणे काही न गाळता पार पाडली तर ‘यथासांग’. अहवाल, हकिगत, चौकशी असेल तर ‘इत्थंभूत’. १९०८ च्या त्या मासेमाराची कहाणी मराठीत आणायची तर ‘अथपासून इतिपर्यंत’. पोशाख आणि साहित्याची जय्यत तयारी असेल तर ‘सगळा जामानिमा’. जामा आणि निमा ही मुळात कपड्यांचीच नावं, तेव्हा कापडावरून ‘सगळं काही’पर्यंत जाण्याची वाट निदान मराठीने खरोखर चाललेली आहे.

पायरी ८: थोडा सराव

खालची वाक्यं मोठ्याने वाचा आणि उत्तराकडे जाण्याआधी कसोटी लावा.

क) ‘दे डिड अ ब्लड टेस्ट, ईसीजी, एक्स-रे, द होल नाइन यार्ड्स.’
ख) ‘शी वोअर अ नाइन-यार्ड सारी.’
ग) ‘आय वेटेड द होल नाइन यार्ड्स फॉर द बस.’
घ) ‘वी डोन्ट नीड द होल नाइन यार्ड्स, जस्ट पेंट द फ्रंट वॉल.’
च) ‘ही ड्रँक द होल नाइन यार्ड्स ऑफ मिल्क.’
छ) ‘शी वेन्ट द होल नाइन यार्ड्स अँड स्टेड बॅक ऑन संडे टू हेल्प मी.’

क उत्तम, यादीचं शेपूट. ख बरोबर, पण ती खरीच साडी आहे. ग चूक, वेळेला हा लागत नाही. घ उत्तम: सगळं घर रंगवता आलं असतं, भिंतीवर भागतंय. च चूक, एका पेल्यातल्या दुधाला साधं ‘ऑल द मिल्क’ पुरे. छ व्याकरणाने ठीक आहे, पण रविवारी थांबून मदत करणं हे तिच्या कामाच्या पलीकडचं होतं, म्हणून तिथे ‘द एक्स्ट्रा माइल’ घाला.